भिशी लागली, आता कॅमेऱ्याचे आधी काय घ्यायचे?

गेल्या शाबानात आमच्या घरातली भिशी लागली. ३०,००० रुपये. नाव आमच्यातल्या बायकोचे, पण दर महिन्याचा भरणा कधी शिलाईच्या पैशांतून, कधी दुकानाच्या गल्ल्यातून झालेला. म्हणून रक्कम दोघांची. ती कशासाठी वापरायची हे भिशी सुरू करतानाच ठरले होते. आमची लेक फोटो काढते, तिच्या सामानात भर घालायची होती. मतभेद एवढ्यावरच होता, की आधी काय घ्यायचे.

हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो. मुलगा किंवा मुलगी मोबाइलवर फोटो काढता काढता कॅमेऱ्याकडे वळते, घरची दोन-चार कार्ये होतात, पाहुणे वाहवा करतात आणि मग ‘आता चांगला कॅमेरा घेऊन द्या’ अशी मागणी होते. आईवडिलांना त्यातले काही कळत नाही आणि दुकानदार जे सांगेल ते खरे वाटते. आमच्याकडे हा गुंता कसा सुटला आणि कुठे आमचे चुकले, ते इथे लिहितो. कुणाचे चार पैसे वाचले तर बरेच.

घरचा कॅमेरा, बायकांकडची मागणी

आम्ही चिपळूणला राहतो. लेक बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तीन वर्षांपूर्वी तिचे मामू दोहाहून सुट्टीवर आले, तेव्हा त्यांनी आपला वापरलेला कॅमेरा तिला दिला. कॅनन ईओएस १३००डी आणि त्याच्यासोबत मिळते ती १८-५५ मिलिमीटरची लेन्स. २०१६ साली बाजारात आलेले, १८ मेगापिक्सेलचे, शिकाऊ लोकांसाठीचे हे मॉडेल. घरातले वाढदिवस, अकीका, शेजारची मेंदी असे करत तिचा हात बसला.

आपल्याकडच्या लग्नांत बायकांच्या बाजूला फोटो काढायला मुलगी असली तर सगळ्यांनाच बरे वाटते. नवरीची अम्मी, खाला, फूफी मोकळेपणी बसतात, हसतात. सारखी ओढणी सावरावी लागत नाही. आमच्या ओळखीत असे काम करणारी दुसरी मुलगी नव्हती, म्हणून विचारणा होऊ लागली आणि रजब महिन्यात तिने पहिल्यांदा पैसे घेऊन एक लग्न केले. ५,००० रुपये ठरले होते.

तिने त्या दिवशी ६०० फोटो काढले. घरी येऊन पाहिले तर त्यातले २१२ टाकून द्यावे लागले. बाकीचे चांगले होते, तक्रार कुणी केली नाही. पण दोन दिवसांनी नवरीच्या अम्मीचा फोन आला. रुखसतीच्या वेळी नवरीच्या दादीने तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली होती. दादी ऐंशीच्या पुढच्या, खुर्चीवरून उठवत नाही. ‘तेवढा एक फोटो मोठा करून द्या,’ असे त्या म्हणत होत्या. तो फोटो त्या २१२ मध्ये होता. दादीचा हात आणि नवरीचा चेहरा, दोन्ही हललेले. लेक रडली. म्हणाली, “अब्बा, कॅमेराच जुना आहे, मी काय करू?”

चार माणसे, चार सल्ले

भिशी लागल्याची बातमी घरात फिरली तशी प्रत्येकाकडून यादी आली.

थोरल्या मुलाचे मत, की फुल फ्रेम मिररलेस कॅमेराच घ्यावा. नुसती बॉडी लाखाच्या पुढे. ३०,००० आता भरायचे, बाकीचे हप्त्याने. दुकानदार म्हणाला, याच कंपनीची एक पायरी वरची बॉडी घ्या. मामूंनी फोनवरून ड्रोन सुचवला. बाजारपेठेतले स्टुडिओवाले चाचा, ज्यांनी रोलच्या जमान्यापासून लग्ने केली, ते म्हणाले, “आधी चांगला ट्रायपॉड घ्या.”

हप्त्याचा मार्ग आम्ही पहिल्याच दिवशी बंद केला. व्याजाचा व्यवहार घरात आणायचा नाही हे आमचे ठरलेले आहे. पण ते बाजूला ठेवले तरी हिशेब बसत नव्हता. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोकणात पाऊस, लग्ने जवळजवळ बंद. रमजानमध्ये लग्ने नसतात. मोहरममध्येही आमच्याकडे कुणी तारीख धरत नाही. म्हणजे कामाचे महिने निम्मेच, आणि हप्ता मात्र बाराही महिने दारात उभा. हौसेने सुरू केलेले काम हप्त्यासाठी ओढावे लागले तर मुलगी अभ्यास सोडून भलतीसलती कामे घेऊ लागेल, ही भीतीही होती.

ट्रायपॉड चाचांनी स्वतःचाच दोन दिवस वापरायला दिला. एका मेंदीच्या कार्यक्रमात तिने तो उभा केला आणि पाऊण तासात घडी करून ठेवला. बायकांच्या गर्दीत पोरे धावत असतात, तिघे अडखळले. शिवाय एक गोष्ट आमच्या लक्षात आली. ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर राहतो, समोरचा माणूस नाही. दादीचा हात हलत असेल तर ट्रायपॉड असूनही तो हललेलाच येणार.

बिघडलेल्या फोटोंची वही

मग आम्ही एक साधी गोष्ट केली. रमजान सुरू झाला होता. तरावीह झाली की लेक लॅपटॉप घेऊन बसायची आणि आमच्यापैकी एकजण शंभर पानी वही घेऊन. त्या २१२ फोटोंपैकी एकेक उघडायचा आणि तो का बिघडला ते लिहायचे. कॅमेरा प्रत्येक फोटोसोबत त्याची माहिती साठवतो. शटर किती वेगाने उघडले, लेन्सचे तोंड किती उघडे होते, आयएसओ किती होता, लेन्स किती मिलिमीटरवर होती, हे सारे लॅपटॉपवर दिसते. पाच रात्रींत वही भरली. चार खाने झाले.

अंधुक उजेडात हललेले: ९६.
डोळ्यांखाली काळी सावली, चेहरा पिवळा किंवा हिरवट: ५८.
डोळे मिटलेले, क्षण चुकलेला: ३१.
डोके कापलेले, मध्येच कुणाचा खांदा आलेला: २७.

शेवटच्या दोन खान्यांतले ५८ फोटो जगातला कुठलाही महाग कॅमेरा घेऊन सुधारले नसते. तिथे सराव हवा आणि धीर हवा. आणि पहिल्या दोन खान्यांतले १५४ फोटो एकाच कारणाने बिघडले होते. उजेड कमी होता, किंवा होता तो वाईट ठिकाणाहून येत होता.

दादीचा फोटो आम्ही मुद्दाम शेवटी उघडला. लेन्स ५५ मिलिमीटरवर, तोंड एफ/५.६, आयएसओ १६००, शटर १/१५ सेकंद. सेकंदाच्या पंधराव्या भागात म्हाताऱ्या माणसाचा थरथरता हात बराच हलतो. कॅमेरा जुना होता म्हणून फोटो बिघडला नव्हता. त्या मांडवात उजेड नव्हता आणि तिच्याकडे उजेड आणायचे साधन नव्हते.

हे कळले तेव्हा लेकीचा चेहराच बदलला. काय मागायचे ते आता तिला माहीत होते.

आधी उजेड

कॅमेरा म्हणजे शेवटी काळोखी पेटी आणि तिला एक छिद्र. हजार वर्षांपूर्वी बसऱ्यात जन्मलेल्या आणि पुढे कैरोत राहिलेल्या इब्न अल्-हैसम यांनी ‘किताब अल्-मनाझिर’ या ग्रंथात प्रकाशाचा अभ्यास मांडला. वस्तूवरून येणारा प्रकाश डोळ्यात शिरतो म्हणून आपल्याला दिसते, हे त्यांनी सांगितले, आणि अंधाऱ्या खोलीत छोट्या छिद्रातून येणाऱ्या प्रकाशावर प्रयोग केले. आजच्या कॅमेऱ्यातही मूळ गोष्ट तीच. पेटी कितीही महाग असली तरी आत जायला उजेड लागतो. म्हणून शिकणाऱ्याने आधी उजेडावर पैसे घालावेत, असे आमचे मत झाले.

उजेड वाढवायचे मार्ग दोन. बाहेरून आणायचा, म्हणजे फ्लॅश. किंवा आहे तो जास्त आत घ्यायचा, म्हणजे मोठ्या तोंडाची लेन्स.

फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्यावर उघडणारा छोटा दिवा नव्हे. तो सरळ तोंडावर मारतो, चेहरा पांढराफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली. आम्ही घेतला तो वर बसवायचा वेगळा फ्लॅश, ज्याचे डोके वर आणि बाजूला फिरते. तो छताकडे वळवला की सगळे छतच मोठा दिवा बनते आणि उजेड वरून मऊ पडतो. फ्लॅशची चमक सेकंदाच्या अगदी छोट्या भागाची असते, त्यामुळे हलणारा हातही थांबल्यासारखा येतो. आम्हाला तो ६,२०० रुपयांना मिळाला. त्याला चार पेन्सिल सेल लागतात. पुन्हा चार्ज होणारे आठ सेल आणि चार्जर यांचे १,९०० वेगळे. हा खर्च दुकानात कुणी सांगत नाही, पण साध्या सेलवर एक लग्न काढले तर पुढच्या लग्नाला पुन्हा तेवढेच सेल विकत घ्यावे लागतात.

घेताना एक काळजी घ्यावी. फ्लॅश आपल्या कॅमेऱ्यावर बसवून, चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. कॅननच्या अलीकडच्या काही स्वस्त मॉडेलांवर फ्लॅशच्या खाचेतला मधला संपर्कबिंदूच नसतो, आणि दुसऱ्या कंपन्यांचे साधे फ्लॅश त्यावर पेटत नाहीत. आमच्या जुन्या मॉडेलवर तो आहे, म्हणून अडचण आली नाही.

रमजानचे उरलेले दिवस लेकीने इफ्तारच्या दस्तरखानवर सराव केला. त्यात आमच्या घरांतली एक खास अडचण कळली. स्लॅबचे पांढरे छत असेल तर फ्लॅश छान काम करतो. पण आमच्या जुन्या घराच्या मागच्या पडवीत कौले आहेत. काळपट कौले आणि लाकडी वासे उजेड गिळून टाकतात. मांडवात तर आणखी गंमत. हिरव्या कापडाच्या छताकडे फ्लॅश वळवला की सगळ्यांचे चेहरे हिरवे. अशा वेळी फ्लॅश जवळच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवावा. भिंतही नसेल तर फ्लॅशच्या डोक्यामागे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबराने बांधून थोडा उजेड पुढे फेकावा. पुठ्ठ्याला पैसे पडत नाहीत.

अजून दोन गोष्टी ती शिकली. फ्लॅश लावला की या कॅमेऱ्यात शटर १/२०० च्या पुढे न्यायचे नाही, नाहीतर फोटोच्या एका बाजूला काळा पट्टा येतो. आणि उजेड अंतराने झपाट्याने कमी होतो. दुप्पट लांब गेले की एक चतुर्थांशच उरतो. म्हणून वीस बायकांचा घोळक्यातला फोटो असेल तर पुढची आणि मागची रांग शक्य तितकी जवळ बसवायची.

लेन्स: आमची अर्धी चूक

दुसरी खरेदी लेन्सची. ५० मिलिमीटर एफ/१.८ ही लेन्स शिकणाऱ्यांत फार प्रसिद्ध. सोबत मिळालेल्या लेन्सचे तोंड लांबच्या टोकाला एफ/५.६ पर्यंतच उघडते. एफ/१.८ वर त्याच्या जवळजवळ दहापट उजेड आत येतो. दादीचा फोटो १/१५ ऐवजी तेवढ्याच आयएसओवर १/१२५ च्या आसपास निघाला असता. हिशेब पक्का होता. चाचांच्या ओळखीने वापरलेली लेन्स ६,५०० रुपयांना मिळाली.

चूक कुठे झाली, तर खोलीच्या मापात. आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यामुळे ५० ची लेन्स ८० मिलिमीटरसारखी जवळचे दाखवते. मांडवात, हॉलमध्ये नवरीचा चेहरा सुंदर येतो. पण शेजारच्या घरी मेंदीला लेक दहा बाय दहाच्या खोलीत उभी राहिली आणि पाठ भिंतीला टेकली तरी फ्रेममध्ये दोन माणसे मावेनात. शेवटी तिने जुनी १८-५५ लावली आणि फ्लॅशवर काम भागवले.

वहीतच याचे उत्तर होते, आम्ही ते वाचले नाही. प्रत्येक फोटो किती मिलिमीटरवर काढला हे आम्ही लिहून ठेवले होते. घरातल्या कार्यक्रमांचे बहुतेक फोटो १८ ते २८ च्या मध्ये होते. हे आधी पाहिले असते तर कदाचित ३५ किंवा २४ ची लेन्स शोधली असती. ५० वाया गेली नाही, हॉलमध्ये रोज कामी येते. पण ज्यांचे काम घरांतल्या छोट्या खोल्यांत असेल, त्यांनी लेन्स घेण्याआधी आपले जुने फोटो उघडून आकडे पाहावेत. शक्य असेल तर एक दिवस कुणाची मागून किंवा भाड्याने आणून वापरावी.

आणि वापरलेली लेन्स घेताना मोबाइलची बॅटरी आरपार मारून बघावी. काचेच्या आत जाळीसारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. ती लेन्स परत द्यावी.

अमानत

खरे सांगायचे तर फ्लॅश आणि लेन्स यांच्याही आधी आम्ही तिसऱ्याच गोष्टीवर पैसे घातले. त्यामागे आमच्या घरचे दुःख आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले. आमच्या तळमजल्यावर छातीएवढे पाणी होते. माणसे वर गेली, दाणागोटा थोडा वाचला. लाकडी कपाटात खालच्या खणात आमच्या निकाहचा अल्बम होता. चार दिवसांनी चिखलातून काढला तेव्हा पानाला पान चिकटलेले. सोडवायला गेलो तर चेहरे निघून हाताला आले. आमच्या दोघांच्या अब्बांचा एकत्र असलेला एकच फोटो होता, तोही गेला. दोघेही आता नाहीत. आज आमच्याकडे निकाहचा एकच फोटो आहे, कारण त्याची प्रत फूफीने मुंबईला नेली होती.

दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो म्हणजे अमानत. लेक ६०० फोटो एका कार्डात घेऊन रिक्षाने घरी यायची, तेच कार्ड पुढच्या कार्यक्रमाला पुसायची आणि फोटो फक्त एका जुन्या लॅपटॉपवर असायचे. तो बिघडला असता तर एका घराचा दिवसच पुसला गेला असता. फोटो हलला तर माफी मागता येते. फोटोच नाहीत असे सांगायला कुठल्या तोंडाने जाणार?

म्हणून पहिली खरेदी ही झाली: दोन मेमरी कार्डे १,६०० रुपये, एक टीबीची हार्ड डिस्क ४,८०० रुपये, आणि कंपनीचीच दुसरी बॅटरी २,५०० रुपये. या कॅमेऱ्यात एका बॅटरीवर सुमारे ५०० फोटो निघतात, आणि रुखसत नेहमी शेवटी असते. नियम असा केला, की प्रत्येक कामाच्या तीन प्रती. एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, आणि फोटो पोचते होईपर्यंत तिसरी मूळ कार्डातच. दोन ठिकाणी प्रत उघडून पाहिल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही. हार्ड डिस्क नानीच्या घरी राहते, तिचे घर चढावर आहे.

अमानतीची दुसरीही बाजू आहे. हे बायकांकडचे फोटो. लॅपटॉप आणि हार्ड डिस्क दोन्हींना पासवर्ड आहे, तो लेकीलाच माहीत. भावालाही नाही. घरच्यांनी लिहून दिल्याशिवाय एकही फोटो स्टेटसला नाही, नमुना म्हणूनही नाही. नमुना दाखवायला तिने हात, मेंदी, दागिने, दस्तरखान यांचे फोटो वेगळे ठेवले आहेत. या नियमामुळे एकदोन कामे तिला जास्त मिळाली, पण आम्ही तो त्यासाठी केला नव्हता.

कोकणची हवा

पावसाळ्यात आमच्याकडे चपलांनाही बुरशी येते, तिथे लेन्सचे काय? कॅमेरा चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत कपाटात ठेवणे सगळ्यात वाईट. आम्ही घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेतला, त्यात रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि दमटपणा दाखवणारे छोटे घड्याळ ठेवले. सगळे मिळून ७०० रुपये. काटा ४० ते ५० च्या मध्ये असावा. खडे रंग बदलू लागले की तव्यावर मंद आचेवर कोरडे करून पुन्हा ठेवायचे. सगळ्या यादीत हीच खरेदी स्वस्त, आणि बाकीचे सामान तीच जपते.

मग नवा कॅमेरा कधी?

थोरल्या मुलाची मागणी आम्ही फेटाळली नाही, पुढे ढकलली. चांगल्या बॉडीचे फायदे खरे आहेत. कमी उजेडात दाणे कमी दिसतात, फोकस पटकन बसतो, आणि वरच्या मॉडेलांत दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो साठतात. लग्नाचे काम नियमित करणाऱ्याला ही शेवटची सोय फार मोलाची.

पण नवी बॉडी एकटी येत नाही. मिररलेसवर जुन्या लेन्स थेट बसत नाहीत, अडॅप्टर घ्यावा लागतो. फुल फ्रेमवर लहान सेन्सरसाठी बनवलेली १८-५५ सारखी लेन्स पुरत नाही. फाइली मोठ्या होतात, मग मोठी कार्डे आणि लॅपटॉपही नवा. फ्लॅश आणि ५० ची लेन्स मात्र उद्या त्याच कंपनीची बॉडी घेतली तरी सोबत जातील. म्हणून आम्ही तिला सांगितले, ज्या दिवशी वहीत ‘बॉडीमुळे बिघडले’ असा खाना भरू लागेल आणि कामाच्या कमाईतून निम्मे पैसे तुझे तू जमवशील, त्या दिवशी उरलेले निम्मे आम्ही पाहू.

एकूण खर्च झाला २४,२०० रुपये. उरलेले ५,८०० वेगळ्या पाकिटात ठेवले आहेत. काही बिघडले, सेन्सर साफ करायचा झाला, तर हात पसरायला नको.

शव्वालचे लग्न

ईदनंतर दहा दिवसांनी तिचे पुढचे लग्न होते. तिने ५४० फोटो काढले. घरी आल्यावर, न सांगता, वही स्वतःच उघडली. टाकून द्यायचे ८३. हललेले १९, उजेडाचे बिघडलेले १४, डोळे मिटलेले २८, चौकट चुकलेले २२. म्हणजे आता निम्म्याहून जास्त चुका विकत घेऊन सुटणाऱ्या नाहीत. ती म्हणाली, “अम्मी, आता मला सामान नको, कामं हवीत.”

ज्या घरात वाद चालू असेल, त्यांनी एवढेच करून पाहावे. दुकानात जाण्याआधी बिघडलेले शंभर फोटो काढावेत, कारणे लिहावीत, आणि ज्या खान्यात गर्दी जास्त तिथेच पहिला पैसा घालावा. कुणाची वही फ्लॅश सांगेल, कुणाची लेन्स. जो पक्ष्यांचे किंवा मैदानावरच्या खेळाचे फोटो काढतो, त्याची कदाचित खरोखर बॉडीच सांगेल. आणि फोटो दुसऱ्याच्या घरचे असतील तर प्रती ठेवायची सोय सगळ्यांच्या आधी.

एक गोष्ट राहिली. रजबमधल्या त्या लग्नाची नवरी ईदला माहेरी आली होती. आमची लेक फ्लॅश घेऊन त्यांच्याकडे गेली. कुणी बोलावले नव्हते, पैशांचा प्रश्नच नव्हता. दादी खुर्चीवर बसल्या होत्या. नात जवळ बसली, दादींनी डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटत दुआ केली. पांढऱ्या छतावरून उजेड खाली आला. हातावरच्या शिरासुद्धा स्पष्ट आल्या आहेत.

तो निकाहच्या दिवसाचा फोटो नाही, हे त्यांनाही माहीत आहे आणि आम्हालाही. तरी नवरीच्या अम्मीने तो मोठा करून घेतला. दोन प्रती काढल्या, एक घरी ठेवली आणि एक लेकीच्या सासरी पाठवली. अल्लाह त्या दादींना सलामत ठेवो.